शिरूर–दौंडचा रस्ता आणि थकलेले शॉकअब्सॉर्बर

पुण्याहून नगरकडे निघालेला महामार्ग वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव अशी गावे मागे टाकीत सुमारे सत्तर किलोमीटरवर घोडनदीच्या काठी येतो. तेथे शिरूर वसले आहे. सरकारी कागदोपत्री शिरूर. पण वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते अजून ‘घोडनदी’च. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी होती. त्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली येथेच वारला, आणि आसपासचे लोक पुढे त्याला ‘सतपुरुष’ मानू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये सापडते. छावणी उठली, पेठ मात्र राहिली. धान्य, किराणा, कापड आणि सोन्याचांदीची दुकाने, त्यांच्या मागे वाडे आणि सकाळी स्थानकाकडे निघालेली माणसे, असे या पेठेचे रूप आजही ओळखू येते.

दौंडची घडण निराळी. ते रेल्वेवर वाढले. पुणे–सोलापूर लोहमार्गावरून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन बनले. शिरूरला रेल्वे नाही, आजही नाही. त्यामुळे शिरूर आणि दौंड या दोन पेठांना जोडणारे जे काही आहे, ते रस्त्यानेच. माल रस्त्याने जातो, सोयरिकी रस्त्याने जुळतात आणि माहेरपणाला आलेली लेक रस्त्यानेच परत जाते.

हा रस्ता शिरूरहून न्हावऱ्याला जातो, तेथून दक्षिणेस वळून पारगावजवळ भीमा ओलांडतो आणि केडगाव, चौफुला करीत पुणे–सोलापूर महामार्गाला मिळतो. मग वरवंड, पाटस आणि दौंड. वाटेवर पाहण्यासारखे बरेच आहे. न्हावऱ्याच्या पूर्वेस घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे तेथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती, त्यांची घरे, धान्याच्या कणग्या उजेडात आणल्या. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. परंतु या रस्त्याने वरचेवर जाणारा व्यापारी यांपैकी काहीच पाहत नाही. त्याची नजर रस्त्यावरच्या खड्ड्यांवर असते.

खड्ड्यांचाही या मुलखात एक कुलीन नमुना आहे. शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर, टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधून वाहणाऱ्या कुकडी नदीच्या पात्रात काळ्या पाषाणाला रांजणासारखे खोल खळगे पडले आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि हजारो वर्षांत त्यांनी तो कातळ कोरून काढला. ते रांजणखळगे पाहायला दुरून लोक येतात. रस्त्यांवरचे खड्डे पडायला मात्र एक पावसाळा पुरतो. डांबराच्या फटीतून पाणी आत शिरते, खालची खडी सैल होते, वरून चाके आपटत राहतात आणि एका रात्रीत टोपलीएवढी जागा रिकामी होते.

खड्डा निदान दिसतो तरी. या भागातल्या रस्त्यांचा खरा गुण दिसत नाही, तो अंगाला कळतो. खोऱ्यातली जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्यावर बांधलेला रस्ता पायाभरणी कमी पडली की तिच्याबरोबर वरखाली होतो. डांबर धड असते, खड्डा एकही नसतो, तरी गाडी लाटेवरून चालल्यासारखी हलत जाते. भर म्हणून गावोगावचे गतिरोधक आहेत. गतिरोधक कसा असावा याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेले आहे : उंची दहा सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज ओलांडून जाईल असा पसरट उंचवटा. गावकऱ्यांनी अपघातानंतर रागाने घातलेला गतिरोधक असा पसरट नसतो. तो पाटावरवंट्यातला वरवंटा आडवा ठेवल्यासारखा असतो. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्याची किंमत प्रत्येक गाडीची पुढची चाके भरतात.

दिवाळी सरली की या रस्त्यावर एकाच वेळी दोन प्रवास सुरू होतात. एक उसाचा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम लागतो आणि उसाने शिगोशीग भरलेले ट्रक, ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधार असल्यापासून कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या ओझ्याने पावसाळ्यातले लहान खड्डे मोठे होतात. दुसरा प्रवास साधुसाध्वींचा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि चार महिने एका जागी राहिलेले महाराज विहाराला निघतात. अनवाणी पाय, पांढरी वस्त्रे, खांद्यावर पात्रांची झोळी. ईर्या समितीचे पालन म्हणून त्यांची दृष्टी पुढच्या साडेतीन हात जमिनीवर असते. पायाखाली जीव येऊ नये म्हणून ते खाली पाहतात. समोरून किंवा मागून येणाऱ्या मोटारीकडे पाहत नाहीत. तिकडे पाहणे हे मोटार चालविणाऱ्याचे काम आहे. विहारातल्या अपघातांच्या बातम्या प्रत्येक संघाने ऐकल्या आहेत आणि त्या ऐकल्यावर घराघरांत पसरणारी शांतताही अनुभवली आहे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी शिरूरच्या पेठेतले एक कुटुंब या रस्त्याने दौंडला निघाले. दौंडला दिलेल्या लेकीच्या घरी नव्या दुकानाचा मुहूर्त होता. गाडी शेठ स्वतः चालवीत होते. शेजारी मुलगा, मागे त्यांच्या मातोश्री आणि पत्नी. गाडी सात वर्षांची आणि घरातल्या माणसाप्रमाणे राबलेली. आठवड्यातून दोनदा दौंड, महिन्यातून एकदा नगरला आनंदधाम, आणि मधल्या दिवसांत डिकीत धान्याची दोन पोती घालून कुठे कुठे. तिचे इंजिन तेल वेळेवर बदलले जाई, विम्याचा हप्ता कधी चुकला नव्हता, नव्या टायरांची पावती फाइलमध्ये लावलेली होती. गाडी नीट सांभाळली आहे असे शेठ म्हणत, आणि ते त्यांच्या हिशेबाने खोटे नव्हते.

मातोश्री मात्र वर्षभर तक्रार करीत होत्या. “अरे, गाडी सावकाश घे. गतिरोधक आला की माझ्या कमरेत ठोका बसतो.” त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हा तक्रारीचे उत्तर वयातच शोधले गेले. हाडांच्या डॉक्टरांकडे नेले, कमरेला पट्टा आला, मागच्या सीटवर उशी आली. दिवाळीला नाशिकहून आलेला भाचा एकदा गाडीत बसला आणि हसत म्हणाला, “मामा, तुमची गाडी होडीसारखी डुलते.” त्यावर सगळे हसले. रोज बसणाऱ्याला ते जाणवत नव्हते. शॉकअब्सॉर्बर एका दिवसात मरत नाहीत. दर हजार किलोमीटरला थोडे थोडे ढिले पडतात आणि चालविणाऱ्याचे हात नकळत त्या ढिलाईला सरावतात. वळणावर तो जरा आधी वेग कमी करतो, स्टिअरिंग जरा घट्ट धरतो, आणि गाडी पूर्वीसारखीच आहे असे समजतो. ज्या माणसाचे दुकानातल्या वजनमापावर इतके बारीक लक्ष असते, त्याच्या नजरेतून ही घट सुटावी, हे नवल खरे. पण घराघरांत हेच घडत असते.

न्हावरे चार-पाच किलोमीटरवर राहिले होते. नुकताच सूर्योदय झाला होता, तरी शेतांतून उठलेले धुके रस्त्यावर रेंगाळत होते. गाडीचे दिवे चालू होते आणि त्यांचा झोत धुक्यात वर-खाली, वर-खाली होत होता. समोर उसाची ट्रॉली होती. शेठ तिला ओलांडू लागले. ट्रॉली मागे पडली आणि उजव्या कडेला धुक्यातून पांढरी वस्त्रे पुढे आली. तीन साध्वीजी आणि त्यांच्यामागे झेंडी घेतलेली एक श्राविका. शेठनी ब्रेक दाबला. गाडीचे नाक खाली गेले, मागची बाजू उचलली गेली, पुढची चाके एका उंचवट्यावरून उडाल्यासारखी झाली आणि पुन्हा टेकली. गाडी थांबली. शेठच्या अंदाजाने जिथे थांबायला हवी होती, त्याच्या बरीच पुढे थांबली. श्राविकेने झेंडी वर केलेली होती. साध्वीजी खाली पाहत तशाच संथ पावलांनी पुढे गेल्या.

गाडीत कोणी बोलले नाही. मातोश्रींनी हात जोडले होते. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर कापते, हे मुलाने नंतर मोबाइलवर हिशेब करून वडिलांना सांगितले. त्या वेळी वेग तेवढा नव्हता. पण ब्रेक तर दिवाळीपूर्वीच नवे घातले होते, मग गाडी पुढे का गेली, हा प्रश्न शेठच्या मनातून दौंडपर्यंत हलला नाही.

त्याचे उत्तर ब्रेकमध्ये नव्हते. गाडीचे वजन स्प्रिंगांवर तोललेले असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते, धक्का स्वतःत घेते. एवढ्याने काम होत असते तर शॉकअब्सॉर्बरची गरजच नव्हती. पण दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आवरणारे कोणी तरी लागते. शॉकअब्सॉर्बर धक्का खात नाही, त्याचे नाव फसवे आहे. धक्क्यानंतरची उसळी तो शांत करतो. आत तेलाने भरलेली नळी, त्यात सरकणारा दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. स्प्रिंग हलली की दट्ट्याला त्या छिद्रांतून तेल ढकलावे लागते. तेल सावकाश जाते, हालचाल मंदावते आणि उसळीची शक्ती उष्णतेत विरून जाते. सलग खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअब्सॉर्बरची नळी तापलेली असते, ती यामुळेच. तापलेल्या, घुसळलेल्या तेलात फेस धरू नये म्हणून पुष्कळ शॉकअब्सॉर्बरांत नायट्रोजन वायूही भरलेला असतो.

व्यापाऱ्याला ही गोष्ट समजायला दूर जावे लागत नाही. दुकानाच्या काचेच्या दारावर बसविलेला डोअर क्लोजर हा त्याच कुळातला. आतली स्प्रिंग दार ओढते आणि तेल त्या ओढीला लगाम घालते, म्हणून दार हलकेच लागते. तेल गळून गेले की तेच दार धाडकन आपटते. स्प्रिंग शाबूत असते, लगाम गेलेला असतो. किंवा जुना तराजू आठवावा. पारड्यात माल टाकल्यावर काटा दोन्हीकडे झुलतो. तो स्थिरावल्याखेरीज वजन सांगायचे नाही, हे पेढीवर बसलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच शिकविले जाते. गाडीचा काटा स्थिरावला नाही, तर चाक रस्त्यावर कधी जोराने टेकते, कधी नुसते स्पर्श करते. ब्रेक चाकाला थांबवतो. पण गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. चाकच क्षणभर हलके झाले, तर उत्तम ब्रेकलाही धरायला काही उरत नाही. शेठची गाडी पुढे गेली, तिचे कारण हे होते.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना नुसता शॉकअब्सॉर्बर नसतो, स्ट्रट असतो. शॉकअब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग बसविलेली, आणि तो सगळा खांब चाकाला उभे धरून ठेवतो. स्टिअरिंग फिरविले की तोही फिरतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना १९४० नंतरच्या दशकात घडविली आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या मोटारींतून ती रूढ झाली. महाराष्ट्रातल्या व्यापारी घरांत ती पोहोचली मारुती ८०० बरोबर, म्हणजे १९८३ च्या अखेरीस. त्याआधी अँबॅसिडर होती, तिच्या मागच्या चाकांना टांग्यासारखे कमानपाटे. आणि माल वाहायला टेम्पो. ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत रुळविण्याचे बरेचसे श्रेय नगरच्या फिरोदिया घराण्याकडे जाते. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी केली आणि त्या तीनचाकी गाडीने बाजारपेठांची बैलगाडी सोडविली. स्ट्रटमुळे गाडी हलकी आणि स्वस्त झाली, आतली जागा वाढली. मात्र एक जबाबदारीही वाढली. पूर्वीचा शॉकअब्सॉर्बर थकला तर गाडी फक्त डुले. स्ट्रट थकला, वाकला किंवा त्याचे वरचे माउंटिंग गेले, तर चाकाचा कोन आणि स्टिअरिंग दोन्ही बिघडतात.

दौंडला पोहोचल्यावर मुहूर्ताला अवकाश होता. जावयांनी ओळखीच्या एका गॅरेजचे नाव सांगितले. रेल्वेतून निवृत्त झालेले मिस्त्री आणि त्यांचा मुलगा मिळून ते चालवितात. मिस्त्रींनी आधी काही उघडले नाही. गाडीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून जोर दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि मग थांबली.

“शेठ, एका झोक्यात बसायला पायजे. ही झुलतीय,” मिस्त्री म्हणाले. “पण नुसत्या ह्यावर सांगत नाय. काही गाड्या कडक असत्यात, शॉकअप गेला तरी झुलत न्हाईत. खाली बघू.”

खाली पाहिल्यावर शंका उरली नाही. स्ट्रटच्या नळीवर तेलाचा ओघळ उतरला होता आणि त्यावर वर्षाची धूळ बसून काळा चिकट थर झाला होता. नळीवर नुसती ओलसर झाक असली तर घाबरायचे कारण नसते. दट्ट्याच्या दांड्याबरोबर इतपत तेल बाहेर येतेच. ओघळ खालपर्यंत उतरला, की सील फाटले असे समजावे. मग मिस्त्रींनी शेठचा हात धरून टायरवर फिरविला. रबर एकसारखे झिजलेले नव्हते. बोटांना ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट चट्टे लागत होते.

“टायर एका बाजूनं खाल्लं तर अलाइनमेंट. मधोमध खाल्लं तर हवा जास्त. दोन्ही कडांनी खाल्लं तर हवा कमी. आणि असं टप्प्याटप्प्यानं खाल्लं तर चाक नाचतंय.”

नवे टायर घेतल्याची पावती शेठच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ज्या चाकाला नाचण्यापासून कोणी आवरत नव्हते, त्यावर चढविलेला तो खर्च वर्षभरात असा चट्ट्याचट्ट्यांनी गेला होता.

मिस्त्रींनी आणखी दोन गोष्टी तपासल्या, आणि या दोन गोष्टी अनेक ठिकाणी वगळल्या जातात. मुलाला गाडीत बसवून जागच्या जागी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगितले आणि स्वतः बॉनेट उघडून स्ट्रटच्या डोक्यावर बोटे ठेवली. स्प्रिंग अडून एकदम सुटल्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला, की वरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग संपत आलेले असते. येथे आवाज नव्हता, पण माउंटिंगच्या रबराला भेगा होत्या. नंतर लिंक रॉड आणि खालच्या आर्मचे बुश हलवून पाहिले. कारण खड्ड्यातून येणारा प्रत्येक खटखटाट शॉकअब्सॉर्बरचा नसतो. लिंक रॉड ही त्यामानाने स्वस्त वस्तू. तिचा खटखटाट ऐकून चारही शॉकअब्सॉर्बर बदलून घेतलेली आणि तरीही आवाज न गेलेली माणसे पुष्कळ आहेत.

गळती उजवीकडे होती, डावीकडे नव्हती. तेव्हा व्यापाऱ्याच्या तोंडून जो प्रश्न निघायचा, तो निघाला. “मिस्त्री, मग उजवा एकच बदलला तर?”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “शेठ, तुमच्या तराजूचं एक पारडं नवं, एक जुनं, चालंल का?”

एका धुरीवरचे दोन्ही एकदम बदलायचे, याचे कारण त्या प्रश्नातच होते. एक बाजू घट्ट आणि एक ढिली असेल, तर ब्रेक दाबताना किंवा वळणावर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. मागचे दोन्ही मिस्त्रींनी पाहिले, ठीक होते. ते बदलायचा आग्रह त्यांनी धरला नाही. स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून भागेल का, असे मुलाने विचारले, कारण त्याच्या मित्राने तसे केले होते. बफरने दबलेली गाडी थोडी उचलली जाते आणि स्प्रिंग कडक होते, परंतु उसळी आवरण्याचे काम बफर करीत नाही. लगाम तुटलेल्या घोड्याला जाडजूड खोगीर घालण्यासारखे ते आहे. जुन्यात तेल भरून घेण्याची दुचाकीवाल्यांची युक्तीही कारच्या बंद नळीच्या स्ट्रटला लागू पडत नाही. एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी मुलाला बजावून सांगितली : हे काम यूट्यूब पाहून घरी करायचे नाही. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबून बसविलेली असते. ती आवळायचे यंत्र नीट न लावता वरचा नट सोडला, तर ती सुटून माणसाचा जीव घेऊ शकते.

शॉकअब्सॉर्बर किती चालावेत याचे एकच उत्तर नाही. ऐंशी हजार किलोमीटरनंतर ते तपासून घ्यावेत, असा सर्वसाधारण सल्ला असतो. शेठच्या गाडीचे सत्तर हजार झाले होते. उसाच्या हंगामातला रस्ता, डिकीतली पोती आणि वरवंट्यासारखे गतिरोधक यांचा हिशेब त्या आकड्यात धरलेला नसतो. म्हणून दरवर्षी पावसाळा संपल्यावर, सर्व्हिसिंगला गाडी दिली की खालून एकदा पाहून घ्यायला सांगावे. त्याला वेगळे पैसेही सहसा पडत नाहीत.

दुपारी मुहूर्ताचे जेवण आटोपून मुलगा गॅरेजवर आला, तेव्हा काम निम्मे झाले होते. काढलेला स्ट्रट फरशीवर पडला होता. मिस्त्रींनी त्याची दांडी हाताने दाबली. ती काही अडथळा न होता आत गेली आणि आतच राहिली. नव्याची दाबायला दिली. मुलाला दोन्ही हात लावावे लागले, आणि सोडल्यावर दांडी आपली आपण, सावकाश वर आली. नव्या खोक्यावर कंपनीचे नाव पाहून त्याला मौज वाटली; १९६१ पासून देशात शॉकअब्सॉर्बर बनविणाऱ्या गॅब्रिएलचा एक कारखाना तर चाकणला, म्हणजे शिक्रापूरहून फुटणाऱ्या रस्त्यावरच आहे. रांजणगावला मोटारी तयार होतात, चाकणला त्यांचे शॉकअब्सॉर्बर, आणि त्या दोहोंची परीक्षा न्हावऱ्याच्या रस्त्यावर.

तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. मिस्त्री रेल्वेत कॅरेज विभागात होते. निळ्या डब्यांच्या चाकांपाशी स्प्रिंगांच्या आत तेलाची डॅशपॉट असत, त्यांतले तेल तपासणे आणि भरणे यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, असे ते सांगू लागले. तेल कमी असलेला डबा लांबून चालताना पाहूनच ओळखता येई म्हणाले. तो रुळांवर इतरांहून वेगळा डोले. डब्यातल्या प्रवाशांना काही कळत नसे. कळत असे ते खालच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसांना.

मुलगा त्यावर काही बोलला नाही.

स्ट्रट बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते. ते झाले, बिल चुकते झाले आणि पावणेचारला गाडी पाटसच्या दिशेने निघाली. हिवाळ्यात दिवस लहान. सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे होते. टोलनाक्याच्या अलीकडे रस्त्यावर आडव्या जाड पट्ट्या मारलेल्या आहेत. सकाळी येताना त्यांवरून गाडीत बोलणे ऐकू येईनासे झाले होते. आता चाकांखालून एक भरीव थरथर गेली आणि पट्ट्या संपताच थांबली. चट्टे पडलेले टायर अजून होतेच, त्यांचा घूं घूं आवाज येत राहिला. ते बदलायला पुढचा महिना उजाडणार होता. मातोश्रींनी उशी पाठीमागून काढली नाही. पण केडगावच्या फाटकापासून पारगावच्या पुलापर्यंत त्यांना झोप लागली होती.

न्हावऱ्याला एका शाळेच्या ओसरीत सकाळच्या त्या साध्वीजींचा मुक्काम होता. शेठनी गाडी बाहेर उभी केली. सगळे उतरले, “मत्थएण वंदामि” म्हणून वंदना केली, सुखसाता विचारली. साध्वीजींनी शिरूरच्या संघाची चौकशी केली आणि उद्याचा विहार चौफुल्याकडे असल्याचे सांगितले. सकाळी मागून कोणती गाडी आली होती आणि ती कशी थांबली, हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. शेठनी ते सांगितले नाही. रस्त्यात उसाच्या गाड्या कुठे कुठे लागतात, कोणत्या बाजूची साइडपट्टी खचलेली आहे, एवढे त्यांनी झेंडी घेतलेल्या श्राविकेला नीट समजावून दिले. मांगलिक ऐकून ते निघाले, तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांच्या वर हातभर होता.